बँकेच्या एपीआयला क्लायंट सर्टिफिकेटने जोडताना: की बनवण्यापासून नूतनीकरणापर्यंत

पतसंस्थेचं, साखर कारखान्याचं किंवा रुग्णालयाचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या माणसाला कधी ना कधी बँकेकडून असा मेल येतो: "यूएटीसाठी सीएसआर पाठवा, पब्लिक आयपी कळवा, म्युच्युअल टीएलएस अनिवार्य आहे." यूएटी म्हणजे चाचणीचं वातावरण, सीएसआर म्हणजे सर्टिफिकेट मिळवायचा अर्ज, आणि म्युच्युअल टीएलएस म्हणजे दोन्ही बाजूंनी ओळख पटवणारी सुरक्षित जोडणी. ऊसबिलं शेतकऱ्यांच्या खात्यात थेट टाकायची असतात, नाहीतर कर्मचाऱ्यांचे पगार एका फटक्यात करायचे असतात. सोबत आलेल्या पीडीएफमध्ये एपीआयचे पॅरामीटर पानोपानी दिलेले असतात आणि सर्टिफिकेटबद्दल जेमतेम एक परिच्छेद. पहिल्यांदाच हे काम अंगावर आलेला माणूस तिथेच अडतो. मी अशा जोडण्या करून देतो, आणि नव्या माणसाचे दिवस कुठे वाया जातात हे सतत पाहतो. म्हणून हा लेख. उदाहरण बँकेचं असलं तरी विमा कंपनी, पेमेंट गेटवे किंवा दुसऱ्या कुठल्याही भागीदाराशी जोडतानाही पद्धत हीच राहते.

आधी हे डोक्यात बसवा: तपासण्या दोन आहेत

साध्या एचटीटीपीएसमध्ये फक्त सर्व्हर आपली ओळख पटवतो. म्युच्युअल टीएलएसमध्ये सर्व्हर उलट विचारतो, "आणि तुम्ही कोण?" तुमचा प्रोग्राम मग आपलं सर्टिफिकेट पाठवतो आणि आतापर्यंतच्या हँडशेकवर (जोडणी सुरू करतानाच्या देवाणघेवाणीवर) आपल्या प्रायव्हेट कीने, म्हणजे गुप्त डिजिटल किल्लीने, सही करून दाखवतो. सर्टिफिकेट म्हणजे ओळखपत्राची झेरॉक्स, ती कुणाच्याही हातात असू शकते. समोर बसून केलेली सही मात्र ज्याची त्यालाच जमते, आणि ती सही प्रायव्हेट कीने होते. म्हणून सर्टिफिकेट मेलवर फिरलं तरी बिघडत नाही, पण की फिरली की सगळं संपलं.

म्हणजे एकाच जोडणीत दोन स्वतंत्र तपासण्या चालतात. तुम्ही बँकेला तपासता, त्यासाठी तुमच्याकडे बँकेच्या सर्व्हरला सर्टिफिकेट देणाऱ्या सीएची (सर्टिफिकेटवर सही करणाऱ्या संस्थेची) साखळी लागते. बँक तुम्हाला तपासते, त्यासाठी तुमची की, तुमचं सर्टिफिकेट आणि त्याची साखळी लागते. पुढे येणारा सर्टिफिकेटचा प्रत्येक एरर या दोनपैकी एका तपासणीचा असतो. कुठल्या, हे ओळखता आलं की निम्मं काम झालं. ते न ओळखता केलेले उपाय बहुतेक वेळा चुकीच्या बाजूला लागतात.

काय काय हाताशी हवं

- ओपनएसएसएल (की आणि सर्टिफिकेटची कामं करणारं साधन) आणि कर्ल (कमांडवरून विनंती पाठवणारं साधन). लिनक्सवर बहुधा असतातच. विंडोजवर गिट बसवलं की त्याच्या बॅश खिडकीत दोन्ही मिळतात.
- ज्या सर्व्हरवरून खऱ्या विनंत्या जाणार त्याचा बाहेर दिसणारा आयपी. ऑफिसातल्या ब्रॉडबँडचा चालणार नाही, तो बदलत राहतो.
- संस्थेचं नोंदणीकृत नाव, बँकेच्या खात्यावर जसं आहे अगदी तसंच.
- अधिकृत सही करणाऱ्या व्यक्तीचं पत्र किंवा बँकेचा अर्ज. नमुना बँकेकडूनच घ्या, प्रत्येकीचा वेगळा असतो.
- की आणि पासवर्ड ठेवण्याची ठरलेली सुरक्षित जागा.

इथेच एक गोष्ट स्पष्ट करतो. निविदा भरायला किंवा कंपनीची विवरणपत्रं सादर करायला वापरतात ते यूएसबी टोकनमधलं डीएससी (डिजिटल सहीचं सर्टिफिकेट) या कामाचं नाही. ते माणसाच्या सहीसाठी असतं, त्यातली की टोकनच्या बाहेर काढता येत नाही, आणि मध्यरात्री चालणाऱ्या सर्व्हरवर कुणी पिन टाकत बसणार नाही. "आपल्याकडे डिजिटल सर्टिफिकेट आहे की" असं अकाउंट विभाग नक्की म्हणेल. त्यांना फरक समजावून सांगा.

## १. की बनवण्याआधी बँकेला प्रश्न विचारा

ही पायरी सगळे वगळतात आणि मग दोनदा सीएसआर पाठवतात. एकाच मेलमध्ये हे विचारून घ्या.

सर्टिफिकेट कोण देणार? तीन प्रकार दिसतात. बँक तुमच्या सीएसआरवर आपल्या खासगी सीएची सही करून देते, किंवा तुम्ही ठरावीक सीएकडून विकत घेऊन बँकेकडे नोंदवता, किंवा तुम्ही स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट बँक जसंच्या तसं आपल्या यादीत टाकते. पहिला प्रकार सगळ्यात सोयीचा.

की कोणत्या जातीची आणि किती मोठी? आरएसए २०४८ बिट बहुतेक ठिकाणी चालतं. काही ठिकाणी ४०९६ मागतात, काही ठिकाणी पी-२५६ वक्रावरची ईसी की चालते. विचारल्याशिवाय ठरवू नका.

बँक तुम्हाला कशावरून ओळखते? सब्जेक्टमधल्या (सर्टिफिकेट कुणाचं हे सांगणाऱ्या भागातल्या) नावावरून, सिरीयल नंबरवरून, की एसएचए-२५६ फिंगरप्रिंटवरून (सर्टिफिकेटवरून काढलेल्या ठशावरून)? फिंगरप्रिंटवरून ओळखत असेल तर प्रत्येक नूतनीकरणाला त्यांच्याकडे नोंद बदलावी लागेल, हे आत्ताच कळलेलं बरं.

यूएटी आणि प्रॉडक्शनची सर्टिफिकेटं वेगळी आहेत का, आणि म्युच्युअल टीएलएससाठी वेगळा होस्ट किंवा पोर्ट आहे का? बऱ्याचदा असतो. आणि त्यांच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट कोणत्या सीएचं आहे? यूएटीमध्ये ते पुष्कळदा बँकेच्या अंतर्गत सीएचं असतं, म्हणून रूट (सीएचं सगळ्यात वरचं सर्टिफिकेट) आणि इंटरमीजिएट (साखळीतलं मधलं) या फायली आताच मागून घ्या.

"आमच्या वेबसाइटचंच सर्टिफिकेट क्लायंट म्हणून वापरू का?" हा प्रश्न मला नेहमी येतो. पूर्वी हे चालून जायचं, कारण सार्वजनिक सीए एकाच सर्टिफिकेटमध्ये सर्व्हर आणि क्लायंट असे दोन्ही वापर लिहून देत. आता क्रोमच्या रूट धोरणामुळे (कोणते सीए मान्य करायचे याच्या नियमांमुळे) हे बंद होत चाललंय. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सीएने २०२५ मध्येच जाहीर केलं की फेब्रुवारी २०२६ पासून त्यांच्या नेहमीच्या सर्टिफिकेटमध्ये क्लायंट वापराची नोंद नसेल. त्यामुळे अशी जुनी जोडणी आज चालू असली तरी पुढच्या नूतनीकरणाला बंद पडू शकते. वेबसाइटचं सर्टिफिकेट वेबसाइटलाच राहू द्या.

## २. की त्याच मशीनवर बनवा जिथे ती राहणार आहे

ओपनएसएसएलच्या जेनपीकी उपकमांडने आरएसए २०४८ ची की बनवा. फाइलच्या नावातच वातावरण आणि वर्ष घाला, म्हणजे यूएटीची की प्रॉडक्शनवर जाणार नाही. लगेच फाइलची परवानगी ६०० करा आणि मालकी त्याच युजरकडे द्या ज्याच्या नावाने तुमची सेवा चालते. रूट युजरच्या नावाने बनवून तशीच ठेवली तर सेवेला ती वाचता येत नाही, आणि येणारा एरर परवानगीचा आहे हे पुष्कळ लायब्ररी धड सांगतही नाहीत.

काही गोष्टी कधीच करायच्या नाहीत. की गिटमध्ये टाकायची नाही; नंतर काढली तरी इतिहासात राहते. डॉकर इमेजमध्ये भाजायची नाही; पुढच्या थरात डिलीट केली तरी आधीच्या थरात ती जिवंत असते. व्हॉट्सॲपवर "जरा पाठव ना" म्हणून पाठवायची नाही. आणि कुठल्याही ऑनलाइन सीएसआर जनरेटरवर बनवायची नाही, कारण तिथे की दुसऱ्याच्या सर्व्हरवरून फिरून येण्याचा धोका असतो.

बँकेचा सपोर्टवाला कधीकधी "की आणि पासवर्ड पाठवा, आम्ही पीएफएक्स बनवून देतो" असं म्हणतो (पीएफएक्स म्हणजे की आणि सर्टिफिकेट एकत्र असलेली फाइल). नम्रपणे नाही म्हणा. त्यांना की कधीच लागत नाही. काही जण याच्या उलट करतात: की आणि सर्टिफिकेट दोन्ही स्वतः बनवून झिप पाठवतात आणि पासवर्ड पुढच्या मेलमध्ये. अशा वेळी "आम्ही सीएसआर देतो, तेवढ्यावर सही करा" असं लेखी मागा. मागितल्यावर सहसा मान्य होतं.

## ३. सीएसआर तयार करा आणि पाठवण्याआधी वाचा

ओपनएसएसएलची रेक उपकमांड, न्यू हा पर्याय आणि वरची की, एवढ्यावर सीएसआर तयार होतो. त्यात तुमची पब्लिक की, नाव-पत्ता आणि त्यावर तुमच्या प्रायव्हेट कीची सही असते. प्रायव्हेट की त्यात नसते, म्हणून हा मेलने बिनधास्त पाठवा.

देशाच्या रकान्यात आयएन ही दोन अक्षरं, राज्याच्या रकान्यात महाराष्ट्र पूर्ण लिहायचं, लघुरूप नको. संस्थेच्या नावात "लिमिटेड" आणि "लि." यांचा घोळ इथे महागात पडतो. बँक सब्जेक्टवरून ओळखत असेल तर एका टिंबाच्या फरकाने हँडशेक होतो पण पुढे ४०३ (परवानगी नाही) मिळतो. कॉमन नेममध्ये काय हवं तेही बँकेला विचारा. कुणाला डोमेन हवं असतं, कुणाला त्यांनी दिलेला ग्राहक कोड.

पाठवण्याआधी त्याच रेक कमांडला टेक्स्ट, व्हेरिफाय आणि नोआउट हे पर्याय देऊन सीएसआर उघडा आणि प्रत्येक ओळ मोठ्याने वाचा. शेजारी बँकेचा मेल ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.

## ४. आलेलं सर्टिफिकेट आंधळेपणाने बसवू नका

फाइल आली की आधी ती कोणत्या साच्यात आहे ते पाहा. नोटपॅडमध्ये उघडल्यावर "बिगिन सर्टिफिकेट" अशी ओळ दिसली तर ती पेम. विचित्र चिन्हं दिसली तर डेर. नावाच्या शेवटी सीईआर किंवा सीआरटी असल्यावरून काहीच कळत नाही, दोन्ही प्रकार त्याच नावाने फिरतात.

मग ओपनएसएसएलच्या एक्स५०९ उपकमांडने मजकूर काढून हे पाहा: सब्जेक्ट बरोबर आहे का, इश्युअर (सही करणारा सीए) कोण आहे, मुदत कधीपासून कधीपर्यंत आहे, आणि "एक्स्टेंडेड की युसेज" खाली "टीएलएस वेब क्लायंट ऑथेंटिकेशन" लिहिलंय का. ही शेवटची ओळ फार महत्त्वाची. तो विभाग असेल आणि त्यात फक्त सर्व्हर ऑथेंटिकेशन असेल, तर काटेकोर सर्व्हर तुमचं सर्टिफिकेट नाकारेल आणि त्यात तुमच्या कोडचा काहीही दोष नसेल. सर्टिफिकेट परत पाठवा.

आता की आणि सर्टिफिकेट यांची जोडी जुळते का ते पाहा. पीकी उपकमांडने प्रायव्हेट कीमधून पब्लिक की काढा, एक्स५०९ उपकमांडने सर्टिफिकेटमधून पब्लिक की काढा, दोन्ही मजकूर शेजारी ठेवा. अक्षरन् अक्षर सारखे हवेत. जुन्या लेखांमध्ये मॉड्युलसची एमडी५ जुळवायला सांगतात, ती युक्ती फक्त आरएसएला चालते. ही मी सांगितलेली सगळ्याला चालते.

शेवटी साखळी. तुमचं सर्टिफिकेट आधी, त्याच्याखाली त्याला सही देणारं इंटरमीजिएट, या क्रमाने एकाच फाइलमध्ये चिकटवा. रूट त्यात घालायची गरज नसते, ते समोरच्याकडे असायलाच हवं. विंडोजच्या नोटपॅडमध्ये चिकटवताना एका सर्टिफिकेटची शेवटची ओळ आणि दुसऱ्याची पहिली ओळ एकाच ओळीवर तर आली नाही ना, तेवढं पाहा.

## ५. तुमच्या भाषेला हवा तो साचा बनवा

पायथन, नोड, गो, पीएचपी यांना पेमच्या दोन फायली पुरतात. जावा आणि डॉटनेटला साधारणपणे पीकेसीएस१२ हवं, म्हणजे पीएफएक्स किंवा पी१२ फाइल. तिच्यात की, सर्टिफिकेट आणि साखळी एकत्र, पासवर्डखाली असते. ओपनएसएसएलच्या पीकेसीएस१२ उपकमांडने ती बनते.

इथे एक खड्डा आहे. ओपनएसएसएल ३.० सप्टेंबर २०२१ मध्ये आलं आणि त्यात पीकेसीएस१२ फाइलचं मूळ एन्क्रिप्शन बदलून एईएस-२५६ झालं. नव्या मशीनवर बनवलेली फाइल जुन्या विंडोज सर्व्हरवर किंवा जुन्या जावावर उघडत नाही, आणि विंडोजवर एरर येतो "पासवर्ड चुकीचा". पासवर्ड बरोबरच असतो. फाइल बनवताना लेगसी हा पर्याय द्या, किंवा, त्याहून चांगलं, जुनं जावा अद्ययावत करा.

जावावाल्यांसाठी थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. जावात दोन वेगळी भांडारं असतात. कीस्टोअरमध्ये तुमची ओळख, ट्रस्टस्टोअरमध्ये तुम्ही ज्यांच्यावर विश्वास ठेवता ते सीए. वर सांगितलेल्या दोन तपासण्यांची ही दोन भांडारं. बँकेचं रूट कीस्टोअरमध्ये टाकून किंवा स्वतःचं सर्टिफिकेट ट्रस्टस्टोअरमध्ये टाकून काहीच होत नाही.

की जर जावाच्या कीटूलने बनवली असेल, तर बँकेकडून आलेलं सर्टिफिकेट त्याच एलियासवर (भांडारातल्या नोंदीच्या नावावर) आयात करायचं. नव्या एलियासवर केलं तर कीटूल तक्रार न करता ते घेतं, पण यादी काढल्यावर त्यापुढे "ट्रस्टेड सर्ट एंट्री" दिसतं. तुम्हाला तिथे "प्रायव्हेट की एंट्री" दिसायला हवं. ती दिसत नसेल तर जावाकडे सही करायला कीच नाही.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. सर्व्हर सर्टिफिकेट मागताना "मला या या सीएची सर्टिफिकेटं चालतील" अशी यादी पाठवू शकतो. जावा ती यादी पाहून आपल्याकडचं जुळणारं सर्टिफिकेट निवडतो. समजा यादीत फक्त रूटचं नाव आहे आणि तुमच्या कीस्टोअरमध्ये इंटरमीजिएट न घालता नुसतं तुमचं सर्टिफिकेट आहे. मग जावाला तुमच्यापासून रूटपर्यंतचा दुवाच दिसत नाही, आणि तो काहीही न बोलता रिकामं सर्टिफिकेट पाठवतो. बँक म्हणते, "तुम्ही सर्टिफिकेट पाठवलंच नाही." तुम्ही म्हणता, "कोडमध्ये तर दिलंय." दोघंही खरं बोलत असतात. जावाचा एसएसएल हँडशेक डीबग पर्याय चालू करा, लॉगमध्ये रिकामी सर्टिफिकेट यादी स्पष्ट दिसते. उपाय एकच: पूर्ण साखळीसह पी१२ पुन्हा बनवा.

डॉटनेटवर विंडोजमध्ये पेम फायलींवरून थेट सर्टिफिकेट उभं केलं तर की तात्पुरत्या स्वरूपात राहते आणि हँडशेकच्या वेळी विंडोजला ती वापरता येत नाही. ते एकदा पीएफएक्स म्हणून निर्यात करून पुन्हा वाचा, चालतं. आयआयएसमध्ये असाल तर ॲप पूलच्या युजरला की वाचायची परवानगी आहे का तेही पाहा.

## ६. कोडच्या आधी कर्लने हाक मारून पाहा

हे त्याच सर्व्हरवरून करा ज्याचा आयपी बँकेने मान्य केलाय. लॅपटॉपवरून करून काही सिद्ध होत नाही.

कर्लला चार गोष्टी द्या: सर्ट पर्यायात साखळीसह सर्टिफिकेट, की पर्यायात प्रायव्हेट की, सीएसर्ट पर्यायात बँकेचं रूट, आणि सविस्तर लॉगसाठी व्ही. सीएसर्टच्या जागी "के" हा पर्याय वापरायचा मोह होतो, त्याने सर्व्हरची तपासणीच बंद होते. जोडणी झाल्यासारखी वाटते आणि तोच पर्याय पुढे कोडमध्ये "व्हेरिफाय फॉल्स" म्हणून जाऊन बसतो. पैशांच्या व्यवहारात समोर बँकच आहे याची खात्री सोडून देणं मला कुठल्याही मुदतीपुढे मान्य नाही. रूट मागा, मिळतं.

विंडोजमध्ये आधीपासून असलेलं कर्ल विंडोजचीच टीएलएस व्यवस्था वापरतं आणि त्याला पेमच्या दोन फायली समजत नाहीत. म्हणून वर गिट बॅश सुचवलंय.

ओपनएसएसएलची एस-क्लायंट उपकमांडही चालवून पाहा. तिच्या उत्तरात "ॲक्सेप्टेबल क्लायंट सर्टिफिकेट सीए नेम्स" असा भाग येतो. तिथे तुमच्या सर्टिफिकेटच्या इश्युअरचं किंवा त्याच्या रूटचं नाव दिसलं तर चांगली खूण. तो भाग आलाच नाही, तर तुम्ही बहुधा चुकीच्या होस्टवर किंवा पोर्टवर आहात, किंवा सर्व्हर यादी पाठवत नाही.

तिथेच शेवटी "व्हेरिफाय रिटर्न कोड: ०" असं येतं आणि लोक उड्या मारतात. तो कोड फक्त तुम्ही बँकेला तपासलंत त्याचा निकाल आहे. बँकेने तुम्हाला स्वीकारलं की नाही याबद्दल तो काहीच सांगत नाही. टीएलएस १.३ मध्ये तर हे आणखी फसवं आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या या आवृत्तीत क्लायंटच्या बाजूने हँडशेक आधीच पूर्ण होतो आणि सर्व्हरचा नकार नंतर, पहिलं उत्तर वाचायला जाताना येतो. त्यामुळे "कनेक्शन झालं पण रिस्पॉन्स वाचताना तुटलं" असं दिसलं तर नेटवर्कच्या माणसाला फोन करण्याआधी सर्टिफिकेटकडे पाहा.

## ७. आता कोड

कर्ल चालल्यावर कोडचं काम थोडंच उरतं.

पायथनच्या रिक्वेस्ट्समध्ये सर्ट म्हणून सर्टिफिकेट आणि की यांची जोडी द्यायची, व्हेरिफाय म्हणून बँकेच्या सीएची फाइल. की पासवर्डने बंद असेल तर ही सोपी वाट चालत नाही, तिला उघडी की हवी. म्हणून फाइलच्या परवानग्या नीट हव्यात. नोडमध्ये एचटीटीपीएस एजंटला की, सर्ट आणि सीए द्या. पण नोडचं स्वतःचं फेच हा एजंट मुकाट्याने दुर्लक्षित करतं, त्याला उंडिसी या लायब्ररीचा डिस्पॅचर लागतो. पोस्टमनमध्ये सर्टिफिकेट सेटिंगमध्ये होस्टनुसार लावतात; पोर्ट ४४३ नसेल तर तो तिथे लिहायलाच हवा.

बँकेच्या सर्व्हरचं नेमकं सर्टिफिकेट कोडमध्ये पिन करू नका, म्हणजे फक्त तेच चालेल असं बांधून टाकू नका. सीए आणि ब्राउझर कंपन्यांच्या सीए/ब्राउझर फोरमने एप्रिल २०२५ मध्ये ठरवल्याप्रमाणे सार्वजनिक सर्व्हर सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ पासून १०० आणि २०२९ पासून ४७ दिवसांवर येते. बँकेचं सर्टिफिकेट आता वारंवार बदलणार. विश्वास सीएवर ठेवा.

## ८. एरर आला तर: कोण तक्रार करतंय?

"सेल्फ साइन्ड सर्टिफिकेट इन चेन", "अनेबल टू गेट लोकल इश्युअर" असे संदेश तुमच्याच लायब्ररीचे असतात. तुमचा प्रोग्राम बँकेवर विश्वास ठेवायला तयार नाही. ट्रस्टस्टोअर किंवा सीएची फाइल सुधारा. स्वतःच्या सर्टिफिकेटला हात लावू नका.

"अलर्ट" हा शब्द आला आणि तो समोरून मिळाला असेल, तर तक्रार बँकेची. अलर्टना क्रमांक असतात: ४२ म्हणजे सर्टिफिकेट खराब, ४४ म्हणजे रद्द केलेलं, ४५ म्हणजे मुदत संपलेली, ४८ म्हणजे तुमचा सीए त्यांच्या यादीत नाही, ११६ म्हणजे तुम्ही सर्टिफिकेट पाठवलंच नाही. ४० म्हणजे नुसतं हँडशेक फसलं. टीएलएस १.२ वर सर्टिफिकेट न पाठवल्यावरही पुष्कळदा हाच येतो. ४८ आला तर बहुतेक वेळा तुम्ही इंटरमीजिएट पाठवलेलं नसतं, किंवा यूएटीचं सर्टिफिकेट प्रॉडक्शनला लावलेलं असतं.

नुसता टाइमआउट झाला तर सर्टिफिकेटपर्यंत गोष्ट पोचलेलीच नाही. बहुधा आयपी मान्य झालेला नाही. एचटीटीपी ४०१ किंवा ४०३ आला तर हँडशेक पार पडलाय आणि आता नाव, ग्राहक कोड किंवा टोकन जुळत नाहीये.

ऑफिसच्या फायरवॉलमध्ये किंवा अँटिव्हायरसमध्ये एचटीटीपीएस तपासणी चालू असेल तर म्युच्युअल टीएलएस होऊच शकत नाही. मधलं यंत्र जोडणी उघडून वाचतं, आणि बँकेपुढे सही करायला त्याच्याकडे तुमची की नसते. त्या होस्टला तपासणीतून वगळायला सांगा.

सपोर्टला मेल करताना "चालत नाही" एवढं लिहू नका. प्रयत्नाची वेळ भारतीय आणि यूटीसी दोन्हीत, तुमचा पब्लिक आयपी, होस्ट आणि पोर्ट, टीएलएसची आवृत्ती, अलर्टचा क्रमांक, सर्टिफिकेटचा सिरीयल नंबर आणि एसएचए-२५६ फिंगरप्रिंट द्या. विंडोजच्या खिडकीत दिसणारा थंबप्रिंट ४० अक्षरांचा असतो, तो एसएचए-१ आहे. एसएचए-२५६ ला ६४ अक्षरं असतात. शिवाय त्या खिडकीतून कॉपी करताना सुरुवातीला एक न दिसणारं चिन्ह चिकटून येऊ शकतं आणि मग बँकेच्या नोंदीत ते जुळत नाही. फिंगरप्रिंट ओपनएसएसएलनेच काढा.

## ९. उद्या तुम्हीच सर्व्हर झालात तर

बँक व्यवहाराची स्थिती कळवायला उलट तुमच्या पत्त्यावर कॉलबॅक करते, आणि तिथेही म्युच्युअल टीएलएस मागू शकते. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये विश्वासाच्या सीएची फाइल द्या आणि क्लायंट पडताळणी चालू करा. साखळी लांब असेल तर पडताळणीची खोली वाढवा, ती मुळात १ असते.

पण तेवढ्यावर थांबू नका. पडताळणी झाली म्हणजे सर्टिफिकेट त्या सीएचं आहे एवढंच ठरलं. सीए सार्वजनिक असेल तर त्याची सर्टिफिकेटं जगभर लोकांकडे आहेत. म्हणून सब्जेक्ट किंवा फिंगरप्रिंट जुळवून हीच ती बँक आहे हे तुमच्या कोडने तपासायला हवं.

लोड बॅलन्सर (विनंत्या अनेक सर्व्हरवर वाटणारी यंत्रणा) मध्ये असेल तर टीएलएस तिथेच संपतं आणि क्लायंटची माहिती हेडरमधून आत येते. ॲमेझॉनच्या ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरमध्ये ही सोय नोव्हेंबर २०२३ पासून आहे. बाहेरून त्याच नावाचं हेडर कुणी स्वतः भरून पाठवलं, तर ते वाटेत पुसलं जातंय याची खात्री करा. नाहीतर ज्याला हेडरचं नाव माहीत आहे तो स्वतःला बँक म्हणवून घेऊ शकतो.

## १०. मुदत

सर्टिफिकेट मिळालं त्याच दिवशी संपण्याची तारीख दोन माणसांच्या कॅलेंडरमध्ये टाका, ६०, ३० आणि १५ दिवस आधीच्या सूचनांसह. एकट्या माणसाच्या मेलवर ठेवू नका, तो नोकरी बदलतो. रोज मुदत तपासणारी छोटी स्क्रिप्ट लावा. ओपनएसएसएलला चेकएंड पर्यायात सेकंद दिले की तेवढ्यात सर्टिफिकेट संपतंय का ते कळतं.

सर्टिफिकेटवरची वेळ जीएमटीमध्ये असते. ३१ मार्चला २३:५९:५९ ला संपणारं सर्टिफिकेट आपल्याकडे १ एप्रिलच्या पहाटे ५:२९:५९ ला संपतं. उलट बाजूने, सर्व्हरचं घड्याळ मागे असेल तर ताजं सर्टिफिकेट "अजून लागू नाही" म्हणून नाकारलं जातं, म्हणून घड्याळ आपोआप जुळवणारं एनटीपी चालू हवं.

नूतनीकरणाला नवी की, नवा सीएसआर. जुनीच की वर्षानुवर्षं ओढू नका. काही काळ बँकेकडे जुनं आणि नवं दोन्ही सर्टिफिकेट चालू राहतील का ते आधी विचारा. चालत असेल तर नवं लावा, दोन दिवस पाहा, मग जुनं काढायला सांगा. चालत नसेल तर बदलाची वेळ दोघांनी मिळून ठरवा, पगाराच्या किंवा ऊसबिलाच्या दिवशी नको.

फाइल बदलली तरी चालू प्रोग्राम जुनंच सर्टिफिकेट मेमरीत धरून असतो, आणि उघड्या असलेल्या जोडण्या तशाच वापरात राहतात. सेवा पुन्हा सुरू करा. बँक ओऑथ टोकन (विनंतीसोबत दाखवायचा तात्पुरता परवाना) सर्टिफिकेटला बांधून देत असेल, जशी पद्धत फेब्रुवारी २०२० च्या आरएफसी ८७०५ मध्ये दिली आहे, तर जुन्या सर्टिफिकेटवर घेतलेलं टोकन नव्यावर चालणार नाही आणि ४०१ येईल. साठवलेली टोकनं पुसा आणि नवं घ्या. मग एक रुपयाचा व्यवहार करून पाहा, आणि तो पार पडल्यावरच जुनी की सर्व्हरवरून आणि बॅकअपमधून काढून टाका.